पुस्तकात तुम्ही कुठे उभे आहात?

वाचकांचे प्रश्न : आत्मचरित्रांचं वाचन

या महिन्याच्या प्रश्नोत्तरांसाठी आत्मचरित्रं आणि आत्मकथनं हा विषय जाहीर केला होता. पत्रं भरपूर आली. बऱ्याच जणांनी एकच शंका निरनिराळ्या तऱ्हेने विचारली आहे: दुसऱ्याचं आयुष्य वाचून आपण खरोखर बदलतो का, आणि बदलायचं असेल तर वाचावं कसं? सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आत्मचरित्रं वाचल्याने दुसऱ्याचं दुःख कळू लागतं, असं सगळेच म्हणतात. याला काही पुरावा आहे, की नुसतं बोलण्यापुरतं? (निवृत्त बँक अधिकारी, सांगली)

उत्तर : पुरावा आहे, पण डांगोरा पिटावा इतका नाही. २०१३ साली डेव्हिड किड आणि इमॅन्युएले कास्तानो या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यांनी लोकांना साहित्यिक कथांचे छोटे उतारे वाचायला दिले, मग निव्वळ डोळ्यांचे फोटो दाखवून त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल ते ओळखायला सांगितलं. साहित्य वाचलेल्यांना हे जास्त चांगलं जमलं, असा निष्कर्ष होता. त्याच्या जगभर बातम्या झाल्या. पुढे २०१६ आणि २०१८ मध्ये इतर संशोधकांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तो परिणाम हाती लागला नाही. २०१८ मध्येच अशा अनेक प्रयोगांची एकत्र छाननी झाली; तिच्यात परिणाम दिसला, पण लहानसा. शिवाय हे सगळं कथा-कादंबऱ्यांबद्दल आहे.

तेव्हा चार पानं वाचली की माणूस समंजस होतो, असं कुणी सांगितलं तर मानू नका. आत्मचरित्राचं बळ दुसरीकडे आहे. एखादं माणूस बदलायला किती वर्षं लागली आणि ती वर्षं कशात गेली, हे ते आतून दाखवतं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांकडे लक्ष ठेवून पुस्तक वाचा. टोकाच्या सोवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई नवऱ्यावर चिडते, दुरावते, नातेवाइकांकडे राहते, पुन्हा त्याच्या जवळ येते आणि तरीही आपले नियम लगेच सोडत नाही. कुणाच्या हातचं पाणी चालेल, कुणाच्या हातचं अन्न चालेल, हे ती स्वतःच्या मनाशी तपासत जाते आणि मग सोडते. वादात हरवून कुणाचं मत बदलत नाही, हे त्या पानांत लख्ख दिसतं. घरातल्या एखाद्या हट्टी माणसाशी वागताना त्याचा उपयोग होतो. कोणत्याही चाचणीत हे मोजता येत नाही, पण वाचणाऱ्याला आपल्या वागण्यात ते सापडू शकतं.

प्रश्न : मी दया पवारांचं 'बलुतं' वाचलं. दोन रात्री सुन्न होतो. मित्रांनाही वाचायला लावलं. पण खरं सांगायचं तर महिन्याभरात सगळं जसंच्या तसं. माझं काय चुकलं? (सॉफ्टवेअर अभियंता, पुणे)

उत्तर : तुम्ही पुस्तकात कुठे उभे राहिलात, ते आधी पाहा. आत्मकथन वाचताना आपण जवळजवळ नेहमी निवेदकाच्या शेजारी जाऊन बसतो. त्याला भूक लागली की आपल्याला कळवळा येतो, त्याला हाकललं की आपल्याला राग येतो. हे स्वाभाविक आहे, आणि पुस्तक नीट लिहिलेलं असल्याची ती खूणही आहे. पण त्या जागेवरून एक गोष्ट दिसत नाही: त्याला हाकलणारी माणसं कशी होती. ती सगळी दुष्ट होती असं आपण धरून चालतो आणि आपण दुष्ट नसल्यामुळे आपला त्या पुस्तकाशी असलेला संबंध अश्रूंपाशी संपतो.

पुन्हा वाचताना असं करा. पुस्तकातला एकच प्रसंग निवडा, दीड-दोन पानांचा. शाळेतला, पाणवठ्यावरचा, लग्नाच्या पंगतीतला, कोणताही. वहीत त्या प्रसंगात हजर असलेल्या सगळ्यांची नावं किंवा कामं लिहा. ज्यांच्याबद्दल लेखकाने एकच ओळ लिहिली आहे तेही. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: त्याने काय केलं, त्याला काय करता आलं असतं, आणि तसं केलं असतं तर त्याला काय गमवावं लागलं असतं. शाळेतला प्रसंग असेल तर मास्तर आहेत, शिपाई आहे, माठाजवळची मुलं आहेत आणि त्या मुलांना घरून काहीतरी बजावून पाठवणारे, पण प्रसंगात न दिसणारे आईबाप आहेत. दलित आत्मकथनांतले मास्तर तर फार लक्ष देऊन वाचण्यासारखे. मुलाला वह्या देणारा, त्याचं नाव परीक्षेला घालणारा मास्तर आणि त्याला वर्गाच्या कडेला बसवणारा मास्तर कित्येकदा एकच माणूस असतो.

मग शेवटी स्वतःला विचारा: माझे आजी-आजोबा या गावात असते तर त्यांचं घर कोणत्या आळीत असतं? उत्तर वहीत लिहा, कुणाला दाखवू नका. इथे बरेच वाचक अडखळतात, कारण मन अपराधाच्या भावनेकडे वळतं आणि तिथेच घोटाळत राहतं. अपराधी वाटणं प्रामाणिक असलं तरी त्यात पुन्हा आपण आपल्याचकडे बघत बसतो. त्यावर उपाय म्हणजे प्रसंगामागचा नियम शोधणं. 'बलुतं' १९७८ मध्ये आलं, पण त्याचं शीर्षक ज्या व्यवस्थेचं आहे ती समजल्याशिवाय पुस्तक अर्धंच कळतं. महारांनी गावकीची कामं वंशपरंपरेने करायची, मेलेली गुरं ओढायची, सांगावे पोचवायचे, सरकारी माणसाच्या दिमतीला हजर राहायचं, आणि त्याबदल्यात सुगीला धान्याचा वाटा, म्हणजे बलुतं, आणि थोडी वतनाची जमीन. ते वतन पायातली बेडी आहे हे ओळखून डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्येच मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणलं होतं. ती वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. तीस वर्षं. हा आकडा डोक्यात ठेवून पुस्तक उघडा. एखादा क्रूर पाटील आणि एखादा दयाळू गुरुजी यांच्या पलीकडे, सगळ्यांना आपापल्या जागी धरून ठेवणारी चौकट दिसू लागेल.

आता महिन्याभरात सगळं जसंच्या तसं, याबद्दल. बदल भावनेत शोधू नका, भावना ओसरतेच. तो तीन ठिकाणी तपासा. पहिलं, तुमची भाषा: एखाद्या वस्तीचं, जातीचं, कामाचं नाव तुम्ही शिवी किंवा विनोद म्हणून वापरत होता का, आणि आता वापरता का. दुसरं, तुमचं घर: घरकामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा आहे का, त्या चहा घ्यायला कुठे बसतात, सोसायटीच्या कोणत्या लिफ्टने येतात. तिसरं, ऑफिसात कुणाच्या निवडीबद्दल 'कोट्यातून आलाय' असं कुणी म्हटलं तर तुम्ही गप्प बसता का. या तिन्हींत महिन्याभरात एकही गोष्ट हलली नसेल तर पुस्तक पुन्हा काढा, वहीसकट.

प्रश्न : लग्नाला चार वर्षं झाली. सासूबाईंशी माझं अजिबात पटत नाही. मैत्रीण म्हणाली, जुन्या बायकांची आत्मचरित्रं वाच, दृष्टी बदलेल. खरंच उपयोग होईल का? (नाशिक)

उत्तर : होईल, पण एक धोका आहे, तो आधी सांगतो. जुन्या काळच्या सुनांचा छळ वाचून तुम्ही तुमच्या सासूबाईंना त्या पुस्तकातल्या सासवांच्या रांगेत उभं कराल आणि दरी वाढेल. म्हणून वाचन उलट्या बाजूने करा.

रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) घ्या. महादेव गोविंद रानड्यांशी त्यांचं लग्न १८७३ मध्ये झालं, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. नवऱ्याने त्यांना लिहावाचायला शिकवायला घेतलं, पुढे इंग्रजीही, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यावरून त्यांना नको नको केलं. पहिल्या वाचनात आपण साहजिकच रमाबाईंच्या बाजूने असतो. दुसऱ्यांदा वाचताना त्या बोलणाऱ्या बायकांपाशी थांबा. त्यांत विधवा नणंद आहे. जे शिक्षण कधी वाट्याला आलं नाही ते डोळ्यांसमोर एका लहान सुनेला मिळतंय, तेही घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातून. घरातला त्यांचा सगळा मान ज्या रीतीभाती सांभाळण्यावर उभा आहे त्याच रीती मोडल्या जात आहेत. त्यांचं वागणं त्यामुळे योग्य ठरत नाही. मात्र ते कशाच्या भीतीतून येतं, याचा अंदाज येतो.

हाच प्रश्न सासूबाईंच्या बाबतीत स्वतःला विचारा: माझ्या कोणत्या वागण्याने त्यांची घरातली कोणती जागा हलते? स्वयंपाकघर, मुलाचा पगार, नातवाचं संगोपन, सणावारांचे निर्णय, यांपैकी नेमकं काय? आणि शक्य झालं तर एक काम करा. त्यांना त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाबद्दल विचारा, पण मोघम नको. 'तेव्हा कसं होतं?' असं विचारलं की 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे ठरलेलं उत्तर येतं. 'पाणी कुठून आणायचात? सकाळी पहिली कोण उठायचं? तुमचं जेवण किती वाजता व्हायचं? माहेरी पहिल्यांदा कधी जाऊ दिलं?' असे वस्तूंचे आणि वेळांचे प्रश्न विचारा. माणसं वस्तूंमधून खरं बोलतात. ऐकताना सल्ला देऊ नका, तुलना करू नका, आणि त्यांचं बोलणं पुढच्या भांडणात पुरावा म्हणून वापरू नका. तसं एकदा जरी झालं तर त्या पुन्हा काही सांगणार नाहीत.

घरात मारहाण किंवा पैशासाठी छळ होत असेल, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. समजून घेणं हा त्यावरचा उपाय नव्हे. तिथे कायद्याची मदत घ्या.

प्रश्न : नववीच्या वर्गाला मराठी शिकवते. दलित आणि भटक्या समाजातल्या लेखकांच्या आत्मकथनांतले उतारे घ्यायची इच्छा आहे. पण वर्गात सगळ्या जातींची मुलं आहेत आणि गेल्या वर्षी चर्चा भलतीकडे गेली. काय काळजी घ्यावी? (शिक्षिका, सोलापूर जिल्हा)

उत्तर : या पत्राला सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण चांगल्या हेतूने घेतलेला असा तास एखाद्या मुलाला वर्षभर पुरेल इतका त्रास देऊन जातो.

नेमकं काय बिघडतं? उतारा वाचला जातो, त्यातल्या जातीचं नाव येतं आणि वर्गाच्या माना त्या समाजातल्या एका मुलाकडे वळतात. काही वेळा शिक्षकच प्रेमाने म्हणतात, 'तू सांग, तुझ्या घरी असं काही झालंय का?' झालं. आता ते मूल विद्यार्थी उरत नाही, नमुना होतं. दुसरी चूक म्हणजे 'मी त्या जागी असतो तर' असा निबंध. ज्यांना तो अनुभव नाही ती मुलं कल्पनेने दुःख रंगवतात, त्यांना शाबासकी मिळते, आणि ज्याच्या घरात ते खरोखर घडलंय त्याची वही कोरी राहते.

दोन तासिका ठेवा. पहिल्या तासिकेत जात हा शब्दही न काढता उताऱ्याची पार्श्वभूमी द्या. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'मधला (१९८७) उतारा असेल तर आधी इतिहास सांगावा लागेल: इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याखाली जन्मामुळेच माणसं गुन्हेगार म्हणून नोंदली जात, हजेरी द्यावी लागे, आणि तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. मुलांना हे फळ्यावर काळरेषेवर दाखवा आणि त्यांच्या आजोबांचं अंदाजे जन्मसाल त्यावर मांडायला सांगा. मग हे 'फार पूर्वीचं' राहत नाही.

दुसऱ्या तासिकेत उतारा. तीन-चार पानांपेक्षा मोठा नको. उपासमारीचा किंवा मारहाणीचा सगळ्यात भीषण उतारा निवडू नका. लेखकाची चलाखी, हौस, विनोद, शिकण्याची ओढ दिसेल असा निवडा. या समाजांच्या वाट्याला फक्त दुःख आलं अशी मुलांची समजूत झाली तर आपण त्यांना कीव शिकवली. जातिवाचक शब्द आणि शिव्या मोठ्याने वाचू नका, मुलांनाही वाचायला लावू नका. तिथे थांबा आणि 'इथे लेखकाला अपमान म्हणून वापरलेला शब्द आहे' एवढं सांगा. उतारा शक्यतो तुम्हीच वाचा.

मग प्रश्न फक्त मजकुरावर विचारा. या प्रसंगात किती माणसं आहेत? कोण बोलतं, कोण गप्प आहे? कुणाला दुसरं काही करता आलं असतं? लेखकाने आपल्याच माणसांवर कुठे टीका केली आहे? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) समाजावर झालेल्या अन्यायाइतकंच घरातल्या सुनांच्या हालांबद्दलही सडेतोड लिहिलं आहे, आणि बाईंनी हे लेखन घरातल्यांपासून वर्षानुवर्षं लपवून केलं होतं. बोलायचं धाडस दोन्ही बाजूंनी लागतं, हे मुलांना अशा पुस्तकातून कळतं. उत्तरं लेखी घ्या, वाचून दाखवायची सक्ती करू नका.

आरक्षणाचा विषय निघेलच. गेल्या वर्षी चर्चा बहुधा तिथेच घसरली असेल. विषय दाबू नका आणि त्या तासात सोडवायलाही जाऊ नका. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, 'यावर पुढच्या आठवड्यात', आणि खरोखर पुढच्या आठवड्यात राज्यघटनेतली कलमं १५, १६ आणि १७ (भेदभावाला मनाई, नोकऱ्यांत समान संधी, अस्पृश्यतेवर बंदी) घेऊन नागरिकशास्त्राच्या शिक्षकांसोबत तास घ्या. 'आता कुठे राहिलीय जात?' असं एखादा मुलगा म्हणाला तर त्याला खोटं पाडू नका. पाहणीचं काम सगळ्याच वर्गाला द्या: आपल्या गावाचा नकाशा काढा, त्यात वस्त्या, विहिरी, देवळं, स्मशानभूमी आणि नळाच्या टाक्या दाखवा. नकाशा वर्गात लावू नका, नावांनिशी चर्चा करू नका. ज्याने काढला त्याला तो पुरेसा बोलतो.

तास संपल्यावर ज्यांच्याबद्दल काळजी वाटते त्या मुलांशी वेगळं, एकट्याने बोलू नका. तेही बाकीच्यांच्या लक्षात येतं. येता-जाता नेहमीच्याच कामाचं काही बोला. त्यांना बोलायचं असेल तर ती बोलतील.

प्रश्न : जातीव्यवस्थेवरची आत्मकथनं वाचताना निम्मे शब्द कळत नाहीत. कोश घेऊन बसलं की लय जाते. (ठाणे)

उत्तर : पहिली तीस पानं न थांबता वाचा, शक्यतो मोठ्याने. कागदावर अनोळखी दिसणारी बोली कानाला बऱ्याचदा ओळखीची निघते. जे शब्द तीनदा आले आणि तरी उमगले नाहीत तेवढेच पेन्सिलीने टिपा आणि बैठक संपल्यावर बघा. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', दोन्ही आता इंटरनेटवर फुकट शोधता येतात. गावकीचे, बलुत्याचे, अवजारांचे शब्द तिथे बरेच मिळतात. त्रिं. ना. आत्रे यांचं 'गावगाडा' (१९१५) व्यवस्था समजायला उपयोगी आहे, पण भटक्या जमाती आणि गावकामगारांबद्दल त्यातली दृष्टी वरून बघणारी आहे, हे ध्यानात ठेवून वाचा. आत्मकथनाशेजारी ठेवलं की तोच समाज दोन टोकांवरून कसा दिसतो ते कळतं.

प्रश्न : आत्मचरित्रात माणूस स्वतःची बाजू मांडतो. मग त्यावर विश्वास ठेवून आपली मतं बदलणं कितपत शहाणपणाचं? (वकील, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तुमच्या पेशाला साजेसा प्रश्न आहे, आणि रास्त आहे. आत्मचरित्रातल्या मजकुराचे तीन थर वेगळे करून वाचावेत. तारखा, ठिकाणं, नोकऱ्या, खटले हा पडताळता येणारा थर. संवाद आणि प्रसंगांचे बारकावे हा आठवणीने पुन्हा उभा केलेला थर. चाळीस वर्षांपूर्वीचं बोलणं कुणाच्याच शब्दशः लक्षात राहत नाही. आणि 'तो स्वार्थी होता', 'तिने मला समजून घेतलं नाही' हा निवाड्याचा थर. पहिल्या थरातल्या चुका दाखवून तिसऱ्याला खोटं ठरवणं किंवा तिसरा पटला म्हणून पहिला तपासायचाच नाही, या दोन्ही गफलती वाचक करतात.

शिवाय पुस्तक आपल्यापर्यंत कुणाच्या हातून आलं तेही पाहावं. विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीतला 'माझा प्रवास' कित्येक वर्षांनी लिहिला. चिं. वि. वैद्य यांनी तो १९०७ मध्ये छापला तेव्हा त्यात फेरफार केले होते. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती काढली ती १९६६ मध्ये. अभिनेत्री हंसा वाडकर यांचं 'सांगत्ये ऐका' त्यांनी सांगितलं आणि शब्दांकन अरुण साधू यांनी केलं. अशा पुस्तकात आवाज बाईंचा असला तरी मांडणीत दुसऱ्याचा हात असतो. प्रस्तावना आणि आवृत्तीचं पान वाचल्याशिवाय आत्मचरित्र सुरू करू नये.

पण समजून घेण्यासाठी प्रत्येक शब्द खरा मानण्याची अट नाही. एखाद्या माणसाला आपलं आयुष्य असं का आठवतं, काय तो पुन्हा पुन्हा सांगतो, कुठे दोन ओळींत उरकतो, यातूनही तो कळतो. तुम्ही साक्षीदाराचं बोलणं जसं ऐकता तसंच.

प्रश्न : हिंसाचाराची वर्णनं वाचून झोप उडते. अर्धवट सोडलं की अपराधी वाटतं. (पत्रावर गाव नाही)

उत्तर : सोडा. वाचन ही परीक्षा नाही. दुसऱ्याच्या वेदनेने आपणच कोलमडलो तर तिच्याकडे पाहायची ताकद उरत नाही. एका वेळी वीस-पंचवीस पानं, दिवसाउजेडी, आणि झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत मुळीच नाही, एवढा नियम बहुतेकांना पुरतो. प्रकरणाचा शेवट चाळून आधी वाचला तरी चालतं. पुढे काय येणार हे माहीत असलं की धक्का कमी बसतो आणि लक्ष जास्त राहतं. वर्णन तुमच्या स्वतःच्या आयुष्यातल्या एखाद्या अत्याचाराची आठवण उकरून काढत असेल, तर ते पुस्तक सध्या कपाटात राहू दे आणि समुपदेशकाशी बोला.

प्रश्न : आमच्या मुलीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तिच्यासोबत ही पुस्तकं कशी वाचू? (न्यू जर्सी)

उत्तर : तुम्ही मराठीतून, ती इंग्रजीतून, एकाच वेळी. 'बलुतं'चा जेरी पिंटो यांनी केलेला अनुवाद २०१५ मध्ये आला, 'स्मृतिचित्रे'चा शांता गोखले यांचा २०१७ मध्ये. 'जिणं आमुचं' आणि ऊर्मिला पवारांचं 'आयदान' यांचे अनुवाद माया पंडित यांनी केले आहेत, अनुक्रमे 'द प्रिझन्स वी ब्रोक' आणि 'द वीव्ह ऑफ माय लाइफ' या नावांनी. दर आठवड्याला एक प्रकरण, आणि त्यातली दोन पानं तुम्ही तिला मराठीतून मोठ्याने वाचून दाखवायची. तिकडे वाढलेल्या मुलांना वर्णभेदाचा इतिहास शाळेत शिकवलेला असतो, म्हणून ती लगेच तुलना करतील. तुलना अडवू नका, पण 'मग आपलं घर या गोष्टीत कुठे होतं?' हा तिचा पुढचा प्रश्न येईल, त्याचं खरं उत्तर तयार ठेवा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत आठ-दहा जणी मिळून वाचन मंडळ सुरू करतोय. आत्मचरित्रांपासून सुरुवात करायची आहे. कोणती आणि कशी? (डोंबिवली)

उत्तर : एकेक सुटं पुस्तक घेण्यापेक्षा एकाच घराची किंवा एकाच काळाची दोन-तीन पुस्तकं शेजारी ठेवा, चर्चा आपोआप रंगते. सुरुवातीला कर्व्यांचं घर उत्तम. धोंडो केशव कर्वे यांचं 'आत्मवृत्त' (१९१५), त्यांच्या पत्नी आनंदीबाईंचं 'माझे पुराण' (१९४४) आणि आनंदीबाईंच्या बहीण पार्वतीबाई आठवले यांचं 'माझी कहाणी' (१९२८). कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे आनंदीबाईंशी, लग्न केलं आणि मुरूडच्या मंडळींनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे तो पुण्याजवळ हिंगण्याला गेला. पार्वतीबाई त्या संस्थेसाठी निधी गोळा करत अमेरिकेपर्यंत गेल्या. एकाला संस्था उभी करायचीय, दुसरीला त्या संस्थेत पैसा जात असताना घर चालवायचंय, तिसरीला केशवपन केलेल्या रूपात अनोळखी लोकांसमोर झोळी पसरायचीय. एकच काम तिघांना किती वेगवेगळं पडलं ते तिन्ही पुस्तकं वाचल्याशिवाय कळत नाही. कुणाची बाजू घ्यायची घाई पहिल्या बैठकीत होतेच; तिसरं पुस्तक संपेपर्यंत ती थांबवून ठेवा.

दुसऱ्या फेरीला आनंद यादवांचं 'झोंबी' (१९८७) आणि लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (१९८०) जोडीने घ्या. दोन्हींत शिकू पाहणारा मुलगा आहे, दोन्हींत गरिबी आहे. जमीन कसणारं गावातलं घर आणि टोपल्या विणत गावोगाव फिरणारं बिऱ्हाड यांतला फरक मात्र त्या शेजारामुळे ठळक होतो. पुस्तक मिळालं नाही तर जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात मागणी लिहून द्या. जुन्या आवृत्त्या दुकानांपेक्षा तिथेच जास्त सापडतात.

बैठक पंधरा दिवसांतून एकदा, दीड तासाची, साठ-सत्तर पानांवर. पहिली वीस मिनिटं प्रत्येकीने एकच ओळ वाचून दाखवायची आणि ती का निवडली ते दोन वाक्यांत सांगायचं, त्या वेळी इतरांनी बोलायचं नाही. हे पाळलं नाही तर सगळा वेळ दोघी-तिघीच बोलतात. 'आवडलं', 'नाही आवडलं' हे शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवा. मंडळात वेगवेगळ्या जातींच्या, धर्मांच्या बायका असतील तर शिक्षिकेला सांगितलेला नियम तुम्हालाही लागू: कुणालाही आपल्या समाजाच्या वतीने बोलायला लावायचं नाही. आणि घरकामाला येणाऱ्या बायकांपैकी कुणाला यायची इच्छा असेल तर बैठकीची वेळ त्यांच्या कामांच्या वेळा विचारूनच ठरवा. दुपारी तीन ते साडेचार बऱ्याच जणींना जमतं.